पागेची किल्ली

"मॅडम, तुमी आमच्या खापरपणज्याच्या पागेत उभ्या हाय," सुभेदार म्हणाले. "चपला काढल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी तेव्हा वांग्याच्या वाफ्यात उभी होते, चिखलात घोट्यापर्यंत. हातात रोव्हर होता. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं यंत्र. उपग्रहाशी बोलून ते आपण नेमके कुठं उभे आहोत ते सांगतं. ती जागा कुणाची, हे मात्र त्याला विचारून उपयोग नसतो. त्यासाठी भूमी अभिलेख खात्यात माझ्यासारखी माणसं ठेवली आहेत.

गाव कडेगावकडचं. नाव सांगत नाही, कारण सगळे अजून एकमेकांशी बोलतात.

झालं होतं असं. गावठाणाची, म्हणजे घरं असलेल्या भागाची, ड्रोननं मोजणी झाली. प्रत्येक घराला नकाशावर चौकोन मिळाला आणि चौकोनापुढं मालकाचं नाव. एक चौकोन कोरा राहिला. तिथं पूर्वी उकिरडा होता. बचत गटाच्या बायकांनी तो उपसला आणि वाफे पाडले. वांगी, मेथी, घेवडा, कडेला शेवगा. कुणाचा वाफा कुठला हे गटाच्या अध्यक्ष लताताई ठरवायच्या, आणि त्यांच्यापुढं अपील नव्हतं.

बाग नावारूपाला आली तसं सरपंचांना वाटलं, हिला इतिहास पाहिजे. खणताना एक दगडी डोण सापडली होती, जनावरांना पाणी पाजायची. तेवढ्यावर बोर्ड लागला : 'ऐतिहासिक पागा परसबाग. येथे सरदारांचे घोडे बांधले जात.' कुठले सरदार, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं सुभेदारांनी. फौजेतून रिटायर होऊन ते गावी आले होते. लहानपणापासून घरात ऐकलेलं, की त्या जागेची किल्ली आपल्या आज्याकडं असायची. किल्ली आपली, तर पागा आपली. पागा आपली, तर सरदार आपणच. त्यांनी कोऱ्या चौकोनावर हक्क सांगणारा अर्ज केला आणि पुरावा म्हणून सरपंचांच्याच बोर्डाचा फोटो जोडला.

सरपंच तडक माझ्या ऑफिसात आले. "मॅडम, बोर्ड काढला तर चालंल का?"

"फोटो अर्जाला लागलाय," मी म्हणाले.

चौकशी माझ्याकडं आली. निघताना साहेबांनी बजावलं, "आपण हद्द मोजायची. इतिहासात शिरायचं नाही." आता हद्द इतिहासातच गाडलेली असेल, तर काय करायचं?

तर मी वाफ्यात उभी. एका बाजूला सुभेदार, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. दुसऱ्या बाजूला बायका, हातात खुरपी. लताताई म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं घोडं आलं तर आमी मेथी कुठं लावायची?"

"घोडं न्हाई येणार," सुभेदार म्हणाले. "मी कंपाउंड घालणार हाय."

ही चेष्टा नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

सुभेदारांनी रुमाल उलगडला. आत वीतभर लांब लोखंडी किल्ली. तेल लावून जपलेली. "ही बघा. आज्याची."

शेवग्याखाली बिरूआबा बसले होते. त्यांच्या सुनेचा वाफा होता, आणि सून पाणी घालते की नाही हे बघायला ते रोज यायचे. तरुणपणी पूर्वेकडच्या दुष्काळी गावातून मेंढरं घेऊन या बाजूला आले आणि इथंच राहिले. ते उठले. किल्ली हातात घेतली, फिरवून बघितली.

"व्हय. हीच," ते म्हणाले.

सुभेदारांचा चेहरा उजळला. "बघा मॅडम! साक्षीदार बी हाय."

"हीच किल्ली," आबा म्हणाले. "ह्याच किल्लीनं तुझ्या आज्यानं माझी मेंढरं कोंडली हुती. लय पाया पडलो. सोडली न्हाईत गड्यानं. पागा कसली रं? हितं कोंडवाडा हुता."

कोंडवाडा म्हणजे जनावरांचा लॉकअप. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं नेऊन कोंडायचं. मालक येऊन सोडवून नेईपर्यंत ते आत.

"आबांचं वय झालंय," सुभेदार मला म्हणाले. पण आबांकडून परत घेतलेली किल्ली त्यांनी रुमालात गुंडाळली नाही. हातातच धरून राहिले.

तोंडी साक्षीवर चौकोन भरत नाही. ग्रामपंचायतीचं जुनं कपाट ग्रामसेवकांनी उघडलं. वरच्या खणात उंदरांनी खाल्लेली कागदपत्रं, खालच्या खणात उंदीर. मधल्या खणात कोंडवाड्याची वही. कुणाचं जनावर, कुणाच्या पिकात, कधी सोडलं. पानोपानी खाली एकच नाव, सुभेदारांच्या आज्याचं. पुढं हुद्दा : रखवालदार.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, कोंडवाडा निघाला. ग्रामपंचायतीचा."

"मग विषय संपला. अर्जदाराचं नाव कुठं आहे का?"

"आजोबांचं आहे. पानोपानी."

"मालक म्हणून?"

"रखवालदार म्हणून."

साहेब म्हणाले, "वही त्यांना एकटं असताना दाखवा."

तशी दाखवली. सुभेदारांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग नुसतीच पानं उलटली.

"सही करत न्हवता व्हय आजा?"

"अंगठा आहे."

त्यांनी त्या निळसर ठशाशेजारी आपला अंगठा टेकवला. बघितला. मोठा कुणाचा, हे मी विचारलं नाही.

"मॅडम, एक इनंती. तुमच्या कागदात रखवालदार नका लिहू. जागा आज्याच्या ताब्यात हुती, असं लिवा."

"ताबा लिहिला तर तुमचा हक्क उभा राहतो, सुभेदार. मग बाग जाते."

त्यांनी वही मिटली. सबंध नोकरीत त्यांनी देशाच्या वस्तूंवर पहारा दिला होता, हे मला नंतर कळलं.

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "रखवालदार म्हंजी वंगाळ काय न्हाई." आणि अर्ज मागं घेतल्याच्या कागदावर त्यांनी ठसठशीत सही केली.

चौकोनात ग्रामपंचायतीचं नाव लागलं. बायकांचे वाफे राहिले. नाराज झाले ते सरपंच. "कोंडवाडा? पावण्यांना दाखवायचं काय मग?"

"वांगी दाखवा," लताताई म्हणाल्या.

बोर्डावरची 'ऐतिहासिक पागा' पांढऱ्या रंगाखाली गेली. 'परसबाग' तेवढी उरली. माती इतकी कसदार का, हेही त्या वहीनंच सांगितलं. इतकी वर्षं इतकी जनावरं आत होती. घोड्यांच्या नावावर खपलेलं शेणखत गाईम्हशींचं आणि मेंढरांचं होतं.

बिरूआबा मात्र मुद्दाम ऑफिसात आले. "मॅडम, माझ्या मेंढरांचं नाव हाय का वहीत?"

मी शोधून वाचून दाखवलं. 'बिरू याची मेंढरे. ज्वारीत शिरली. वारंवार उपद्रव.'

"वारंवार," आबा म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला. त्या गावात आपल्या इतिहासावर खूश झालेला तो एकटा माणूस.

बाकीच्यांसाठी एवढंच सांगते. रेकॉर्ड रूममधून पूर्वज जरूर मागवावेत. फक्त ते कुठल्या हुद्द्यावर हजर होतील, ते अर्जदाराच्या हातात नसतं.