आज दुपारी स्किमर बंद केला

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या मंडळींनो, आज तुमचं ऐकलं.

माझ्या टाकीत मासे दोनच. तरी पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर मी दिवसरात्र चालवायचो. पाणी इतकं निर्मळ झालं की प्रवाळं उपाशी राहून फिकट पडली. बंद करायला हात धजत नव्हता, कारण मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घरात तेवढाच आवाज असतो.

शेवटी आज बटण दाबलं. चहा घेऊन टाकीसमोर बसलो, तर माझ्याच घोटाचा आवाज मला ऐकू आला.

थोड्या वेळानं कडी वाजली. दारात शेजारच्या काकू. आमची ओळख एरवी मान हलवण्यापुरतीच.

"काऊन हो सर, तब्येत बरी हाय ना? तुमच्या मशीनची घरघर भिंतीतून रोज आयकू येते. आज बंद झाली तं मले धसकाच बसला."

काकू आत आल्या. मासे पाहिले, चहा घेतला, बऱ्याच वेळानं गेल्या.

स्किमर किती चालवावा, हे तुम्हाला नेहमी विचारत आलो. आता एवढंच सांगा, रोज किती वेळ बंद ठेवला तर चालेल?