मधमाशीचा वाढदिवस

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी आणि शेजारच्या शोभाताईंनी तुळस, झेंडू, काकडी असं बरंच काही लावलं होतं. काकडीची पिवळी फुलं उमलली, की मधमाश्या यायच्या. एवढ्या सिमेंटमधून त्यांना ही जागा सापडली कशी, याचंच आम्हाला अप्रूप वाटे.

त्या रविवारी सकाळी आम्ही वर गेलो, तर औषधाचा उग्र वास भरून राहिला होता. फरशीवर मधमाश्या पडल्या होत्या. काहींचे पाय अजून हलत होते. शोभाताई मला घेऊन तडक जाब विचारायला खाली गेल्या.

"संध्याकाळी इथे नातीचा वाढदिवस आहे," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "पोरांना चावल्या असत्या तर?"

बोलावणं आम्हालाही होतं. संध्याकाळी पाहतो तर गच्चीभर पिवळे-काळे फुगे, केकवर साखरेची मधमाशी आणि प्रत्येक पोराच्या पाठीला तारेचे पंख. वाढदिवसाची 'थीम' होती मधमाशी! आपल्याला निसर्ग हवा असतो तो असा: न चावणारा, फोटोत हसणारा, कार्यक्रम संपला की गुंडाळून ठेवता येणारा.

एवढ्यात ती नात कुंड्यांमागून धावत आली. तिच्या उजव्या तळहातावर एक मेलेली मधमाशी होती.

"आजोबा, ही बघा माझ्यासारखी!"

"शी! घाण आहे ती. टाक आधी."

तिने मूठ घट्ट मिटली. आजोबांनी चुचकारलं, दटावलं, पण मूठ काही उघडेना. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा तिने डाव्या हातानेच केक कापला.