संपदाचा उजवा खांदा

माझी बायको संपदा दुखणं सांगत नाही. सव्वीस वर्षं हा तिचा गुण मानून मी निवांत राहिलो, हा माझा गाढवपणा. जर्मनीतल्या गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत ती टेक्निशियन आहे. बंद काचेच्या पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून, हवा लागली की बिघडणारे पदार्थ तासन्तास हाताळायचे. हात खांद्याच्या उंचीवर. चौदा वर्षं हेच काम, आणि तिचा त्यावर भारी जीव. गेल्या दिवाळीपासून उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. केसांना क्लिपसुद्धा मीच लावतो, तीही वाकडी.

पाच आठवड्यांनी संस्थेच्या डॉक्टरकडे तपासणी होती. हात वर गेला नाही तर पेटीचं काम सुटणार, कागदांच्या टेबलावर बदली होणार. फिजिओ झाली, स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. शेवटी तिनेच ठरवलं: स्वतःचं रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग खांद्यात टोचून घ्यायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खात्री नाही. तरी तिने तारीख घेतली.

त्या सकाळी ती पलंगाच्या कडेला ओठ आवळून बसली होती. मला बघवेना. पुण्याहून आणलेल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी मी पुढे केली. आपल्याकडे डब्यातल्या गोळीला कोण औषध म्हणतं? तिने मुकाट्याने घेतली.

दवाखान्यात रक्त काढलं, नळी मशीनमध्ये फिरू लागली. तिच्या फाइलमधला माहितीचा कागद मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. आधीचे दहा दिवस सूज उतरवणारी पेनकिलर घेऊ नये, प्लेटलेट्स नीट काम करत नाहीत. सकाळची गोळी त्यातलीच. सांगितलं तर आजचं रद्द. डॉक्टर सोमवारपासून तीन आठवडे उरलाऊबवर, म्हणजे सुट्टीवर. परत आल्यावरही गर्दी. नाही सांगितलं तर तिच्या खांद्यात निकामी रक्त.

मशीन थांबलं. डॉक्टरांनी सिरिंज भरली.

"थांबा," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "आल्झो, मग आज नको."

ते बाहेर गेले. मी म्हणालो, "चुकलं गं माझं. कागद आधी वाचायला हवा होता."

"मी वाचला होता," संपदा म्हणाली. "गोळी कुठली तेही कळलं होतं."

"मग घेतलीस का?"

"सहनच होईना रे! नऊ दिवस काढले, आज नाही जमलं." ती हुंदके देऊन रडायला लागली. "तू कशाला बोललास? कदाचित चाललं असतं."

स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

नर्सने पुढची तारीख सांगितली. संस्थेच्या तपासणीनंतरच्या चौथ्या दिवसाची होती. संपदाने डोळे पुसले.

"द्या," ती म्हणाली. "पेटी सुटली तरी हात तर मला लागणारच आहे."