फिका पडलेला तीळ

पेशी वाढवणं हे माझं काम. त्याही कसल्या, तर त्वचेच्या कर्करोगाच्या. त्यांना ताजं खाद्य घालायचं, ऊबदार कपाटात ठेवायचं, सुट्टीच्या दिवशीही जाऊन बघून यायचं. पोरीच्या शाळेत मी इतक्या वेळा गेलो नसेन. प्रयोगशाळेत म्हणूनच मला सगळे माळीकाका म्हणतात.

या पेशी रंग बनवतात. नळीत घालून गरगर फिरवल्या की तळाशी काळा ठिपका बसतो. पण पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचा एक रखवालदार असतो. लोखंड गंजतं तशी पेशी खराब होऊ नये, हे त्याचं काम. तो भरपूर असला की काळा रंग धड बनत नाही आणि ठिपका फिका दिसतो. तो कमी केला की पुन्हा काळाकुट्ट. नव्या पोरांना मी तोऱ्यात सांगतो, "फिकी म्हणजे मेली असं समजू नका. रंग गेला तरी वाढ चालूच असते. जित्याची खोड!"

हेच व्याख्यान घरी जेवताना बायकोला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. मी बोलत असताना नुसती मान हलवते, असा माझा समज होता.

माझ्या पोटरीवर एक काळा तीळ होता. तो हळूहळू मधोमध फिका पडला. मला कोण आनंद! बायकोलाही कौतुकानं दाखवला. "बघ, जातोय."

ती वाकली. "जातोय कुठला? पसरलाय चांगला. डॉक्टरांना दाखवून घ्या."

"अगं, रंग उडालाय त्याचा."

"अहो, फिकी म्हणजे मेली नव्हे, हे रोज ताटावर बसून कोण सांगतं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मी घाबरलो. चांगलाच घाबरलो.

डॉक्टरबाईंनी भिंगातून तीळ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काम काय करता?"

कारकून आहे म्हणावंसं वाटलं. "पेशी वाढवतो. त्वचेच्या कर्करोगाच्या."

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"घरीसुद्धा वाढवत होते," बायको म्हणाली.

तीळ काढला, तपासला. कर्करोगच होता. पण वरवरचा, आणि पूर्ण निघाला होता. "अजून थांबला असतात तर खोल गेला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर बसून बायको खूप रडली. शेवटी मी म्हणालो, "म्हणजे तू माझं सगळं ऐकत होतीस?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "मग? दोघांपैकी एकानं तरी ऐकायला नको?"