कोपरा फाटलेलं कार्ड

फी-सवलतीच्या अर्जाची आठवण करून देणारी कार्डं पाठवली, तर मुलं कॉलेजात टिकतात का, हे तपासत मी कासारवाडीत हिंडत होतो. कॉलेज अर्धवट सुटलेल्या एका मुलाची आई फाउंड्रीच्या राखेतून कोळसे वेचत होती. बोलतानाही हात थांबले नाहीत.

"कार्ड आलं, पर कोपरा फाटल्यालं. म्हंजी मयताचं. मला वाचता येत न्हाई. गावाकडं भाऊ आजारी व्हता. तसलं कार्ड घरात ठेवत न्हाईत, पोरगं कालेजातनं यायच्या आत फाडलं आन् त्याला घिऊन गाव गाठलं."

गावी पोचल्यावर पाहिलं, तर भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता. मायलेक परत येईपर्यंत अर्जाची मुदत टळली. मुलगा आता त्याच फाउंड्रीत भट्टीवर होता.

"टपालात फाटलं असेल हो," मी चडफडलो.

तिनं पहिल्यांदाच वर, भट्टीच्या धुराड्याकडे पाहिलं.

"भाऊ जित्ता निघाला, सायेब. पर कार्ड खोटं न्हवतं."