दिल्लीचा अर्ज आणि आलूबोंड्याच्या सह्या

“मॅडम, आपल्या ग्रामपंचायतीनं कोण्या देशासंग बोलणी केली, हे तुम्ही मले विचारून राहिल्या?”

सचिवसाहेब माझाच अर्ज माझ्यासमोर धरून उभे होते. सचिव म्हणजे आमचे ग्रामसेवक. गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या पुढे. आणि अर्ज मी केला होता दिल्लीला.

बियाण्यांच्या प्रश्नावर पत्रकं वाटणं आणि माहिती अधिकाराचे अर्ज करणं हे माझं काम. मी विचारलं होतं की परदेशाशी व्यापार कराराची बोलणी चालू असताना बियाणे उद्योगाची माणसं अधिकाऱ्यांना कधी भेटली, त्यांनी काय मागितलं, कोणते कागद दिले. याला लॉबिंग म्हणतात. बंद दाराआड बसून आपल्या सोयीचं कलम करारात घालून घ्यायचं. त्यांची मागणी एवढी कानावर आली होती की कंपनीच्या वाणाचं धान घरी राखून पुढच्या वर्षी पेरायचं, तर कंपनीची परवानगी लागावी.

हे मी गावातल्या सुनंदाकाकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. “मंग माह्या ढोलीतलं बिजाई कोनाचं?” काकू एकदा कंपनीकडून विकत आणलेलं वाण दरवर्षी निवडून, पाखडून ढोलीत, म्हणजे धानाच्या कणगीत, ठेवतात. त्यावर त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पिकते. मी म्हटलं, विचारून सांगते.

दिल्लीचं उत्तर दोन परिच्छेदांचं होतं. पहिला : माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही. दुसरा : माहिती या कार्यालयाकडे नसल्याने अर्ज कलम ६(३) खाली हस्तांतरित. म्हणजे नाही ती वस्तू त्यांनी लपवूनही ठेवली होती! कलम ६(३) साधं आहे : माहिती ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे अर्ज पाठवायचा. अर्जात ‘शेतकरी’ शब्द दिसला, म्हणून तो कृषी खात्याकडे गेला. पत्त्यात भंडारा दिसलं, म्हणून जिल्ह्याला आला. पुढे गाव दिसलं. गावाच्या खाली कार्यालयच नाही, म्हणून तो सचिवसाहेबांच्या टेबलावर थांबला.

“निरंक लिहा न् मोकळे व्हा,” मी चिडून म्हटलं. निरंक म्हणजे काही नाही.

“असं कसं? सही माही जाईन. उद्या चौकशी आली तं? ग्रामसभेत ठेवतो.”

आणि ठेवलं. विषय क्रमांक सात, नाली उपसण्यानंतर लगेच : ‘परदेशाशी झालेल्या बोलण्यांबाबत.’

“कोन्त्या देशाचे होते? चहा तरी पाजला का त्याइले?” सभेत बसलेल्या नामदेवबुवांनी विचारलं. सभा हसली. सचिवसाहेब हसले नाहीत. आलेला कागद पूर्ण वाचायचा हा त्यांचा नेम. अर्जासोबत जाड गठ्ठा होता. दिल्लीत कोणीतरी अर्ज फाइलला टॅगच्या दोरीने बांधला होता आणि पुढे पाठवताना टॅग सोडायचा राहिला होता. गोपनीय फाइलची पानं तीन कार्यालयांतून फिरली. कोणी उलटून पाहिली नाहीत. सगळे फक्त वरच्या पत्रावर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ लिहीत गेले.

सचिवसाहेबांनी उलटली. एका उद्योगसंघटनेचं निवेदन होतं. मागणी तीच, परवानगीची. “परिशिष्ट तीन,” त्यांनी वाचलं, “मागणीस पाठिंबा देणारे शेतकरी.” मग नावांवरून बोट फिरवलं. “हे तं आपलेच लोक आहेत.”

सहावं नाव सुनंदाकाकूंचं होतं.

“माही सही? मी कवा गेली दिल्लीले?” काकू उठून कागदाजवळ आल्या. सही त्यांचीच होती. बराच वेळ बघून म्हणाल्या, “अवो, हे तं आलूबोंड्याची सही होय! मागच्या साली कंपनीची गाडी आली नोयती का चौकात? टोपी देल्ली, बोंडे देल्ले, न् म्हने सही करा.”

“मले एकच बोंडा भेटला,” नामदेवबुवा म्हणाले. “अन् इथं सह्या दोन हायेत माह्या.”

आता कोणी हसलं नाही. काकूंनी स्वतःच्या हाताने स्वतःची ढोली कंपनीला लिहून दिली होती, आणि आम्हाला ते कळलं होतं फक्त एक टॅग सुटला नाही म्हणून.

सचिवसाहेबांनी ठराव लिहायला घेतला : ‘सदर स्वाक्षऱ्या अल्पोपहारापोटी केल्या असून...’

“आलूबोंडा लिहा,” काकू म्हणाल्या. “मोघम नोको.”

ठराव एकमताने मंजूर झाला : सह्या आलूबोंड्यासाठी होत्या, मागणीस पाठिंबा नाही, सह्या रद्द समजाव्यात. तो रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेला. दिल्लीच्या नकाराविरुद्ध मी केलेल्या अपिलासोबत मीही एक प्रत जोडली.

दीड महिन्याने उत्तर आलं. स्वाक्षऱ्या आपल्या कार्यक्षेत्रातील असल्याने ठराव योग्य त्या कार्यवाहीसाठी ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित. कलम तेच, जणू ठराव हाही अर्जच. सचिवसाहेबांनी आपलाच ठराव आवक नोंदवहीत चढवला.

अपील पडून आहे. काकूंनी यंदा ढोलीतलंच धान पेरलं. ठरावाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून ढोलीच्या तळाशी ठेवली आहे, कंपनीचा माणूस आला तर दाखवायला.

मी दोन गोष्टी शिकले. अर्जात ‘सर्व सहपत्रांसह’ लिहायचं. टॅग दर वेळी सोडायचा राहत नाही. आणि कोणी खायला देऊन सही मागितली, तर आधी हात पुसायचे, मग कागदाचा मथळा वाचायचा. तोवर बोंडा थंड होतो. होऊ द्यावा.