रिह्यात अकरा दिवस ऊन कमी पडलं

"अकरा दिवस इथे ऊन कमी का पडलं?" रिहे खोऱ्यातल्या एका बांधावर उभी राहून लीना विचारत होती. 

मी तेव्हा एका सरकारी विज्ञान खात्यात परदेशी सहकार्याचं काम बघायचे. लीना युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या विज्ञान मंत्रालयातली अधिकारी. त्या देशाची लोकसंख्या आपल्या पुण्याहून कमी. दोन्ही देशांचा मिळून प्रोजेक्ट होता: भातखाचरातून मिथेन वायू किती निघतो ते मोजायचं. सोबत ऊन मोजणारा सेन्सर, म्हणजे खांबावर बसवलेला वाटीएवढा काचेचा घुमट. त्या दिवशी होता जॉइंट रिव्ह्यू, दोन्ही देशांनी मिळून केलेली तपासणी. लीनाचं समाधान झालं तरच पुढची तीन वर्षं मंजूर. नाहीतर खांब उपटायचा आणि माझ्या हाताखालच्या दोन संशोधक मुलींनी घरी जायचं.

रिपोर्टात दसऱ्याच्या सुमाराच्या त्या अकरा दिवसांपुढे 'ढगाळ हवामान' असं मीच ठोकून दिलं होतं. परिशिष्ट क्रमांक सात. ते कोण वाचतंय!

"सॅटेलाइटच्या फोटोत आकाश स्वच्छ आहे," लीना म्हणाली.

बाजूला जाऊन मी साहेबांना फोन लावला.

"ढगाळच म्हणा," साहेब म्हणाले. "एकदा लिहिलं ते लिहिलं."

तेवढ्यात शेताचे मालक सोपानकाका चहा घेऊन आले. मी हळूच विचारलं, "काका, दसऱ्याच्या सुमाराला खांबाला कुणी हात लावला होता का?"

"व्हय तर! खंडेनवमीला म्याच पुजला की. नांगर, कोयता, पंप, समद्या अवजारांला हळदकुंकू लावलं. मग ह्यालाच उपाशी ठेवायचं व्हय? वर काचंला चांगलं लई दाट लावलं. पुढं परतीचा पाऊस आला नि धुऊन ग्येलं."

काकांचा चेहरा कौतुकाने फुलला होता. लीना माझ्याकडे बघत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पक्ष्यांनी घाण केली असं सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण काकांनी इतक्या मायेने केलेली पूजा पक्ष्यांच्या नावावर खपवायला जीभ रेटेना. सगळं खरं सांगितलं, ढगांची थापसुद्धा.

लीनाने वही काढली. "हळद कुठल्या बाजूला होती? किती दाट?"

काकांनी बोटाने दाखवलं. तिने चित्र काढलं, आणि मग इतकी हसली की चहा वहीवर सांडला.

"ते परिशिष्ट तुम्ही स्वतः वाचलंत?" मी विचारलं.

"आमच्या विभागात आम्ही चौघं," ती म्हणाली. "मी नाही वाचलं तर कोण वाचणार?"

पुढची तीन वर्षं मंजूर झाली. ते अकरा दिवस आकडेवारीतून वगळले. करारात एक कलम वाढलं: खंडेनवमीला पूजा खांबाची करावी, काचेची नाही. त्यावर दोन देशांच्या सह्या आहेत. काकांनी ते कलम लॅमिनेट करून ओटीवर लावलंय.

आता मी रिटायर झालेय. नव्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगते: मोठ्या देशाला रिपोर्ट पाठवताना कव्हर चांगलं बांधा. छोट्या देशाला पाठवताना खरं लिहा, तिथे वाचतात.